कुटलेली गोळी

माझ्या वडिलांना आमच्या गल्लीत कोणी नावानं हाक मारत नाही. पुडीवाले म्हणतात. एकेचाळीस वर्षं त्यांनी एकाच डॉक्टरांकडे कंपाउंडर म्हणून काम केलं आणि गल्लीतल्या तीन पिढ्यांचा ताप, खोकला आणि जुलाब त्यांच्या हातच्या पुड्यांनी उतरला. घरात आम्ही त्यांना नाना म्हणतो. नाना बारीक, ताठ आणि हट्टी. माझा हट्टीपणाही तिथूनच आला असं माझा नवरा म्हणतो. तो लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो आणि महिन्यातले चार दिवस घरी असतो, त्यामुळे असले शोध लावायला त्याला रस्त्यात भरपूर वेळ मिळतो.

दवाखान्यातली नानांची खोली एवढीशी. दोन माणसं आत शिरली तर एकाला श्वास रोखून उभं राहावं लागेल. एक खिडकी, खिडकीच्या अलीकडे नाना आणि पलीकडे रांग. टेबलावर चिनी मातीचा पांढरा खल, चौकोनी कापलेल्या कागदांची चळत आणि एक बोथट सुरी. डॉक्टरांची चिठ्ठी आली की नाना गोळ्या खलात टाकत, चार फेऱ्यांत त्यांचं पीठ करत, सुरीच्या टोकानं सारखे वाटे पाडत आणि अशा घड्या घालत की पुडी उलटी धरून हलवली तरी कण सांडू नये. लहान मुलांच्या औषधाला तर त्यांचाच हात लागायचा. "पोर गोळी गिळत नाही हो," असं एखादी आई म्हणाली की नाना खिडकीतून म्हणायचे, "गिळायची कशाला? चाटायची." आणि आई हसायची. मी लहानपणी शाळेतून परस्पर तिथं जाऊन स्टुलावर बसायचे, आणि माझे वडील जगातले सगळ्यात हुशार गृहस्थ आहेत याबद्दल माझ्या मनात तेव्हा तिळमात्र शंका नव्हती.

डॉक्टर थकले, दवाखान्याला कुलूप लागलं. त्या जागी आता मोबाइलची कव्हरं विकतात. नाना खल घेऊन घरी आले. घरी त्यांना काम नव्हतं. पेपर वाचायचा, माझ्या भाजीत मीठ किती पडलंय यावर मत द्यायचं आणि कोणी चिठ्ठी घेऊन आलं तर डॉक्टरांचं अक्षर लावून द्यायचं. मग माझ्या मुलीला फिट आली आणि नानांना पुन्हा काम मिळालं. हे वाक्य वाईट आहे, पण खरं आहे.

मुलीला आम्ही खारू म्हणतो, कारण पुढचे दोन दात मोठे आणि पेन्सिली कुरतडायची सवय. तेव्हा ती सात वर्षांची होती. टेबलाशी बसून चित्र रंगवत होती. हातातला खडू खाली पडला. मी म्हटलं, उचल. तिनं उचलला नाही, म्हणून मी ओरडले. तिची मान एका बाजूला वळली, डोळे वर गेले, हात ताठ झाला आणि झटके द्यायला लागला, आणि मी अजून ओरडतच होते. आपण कोणावर ओरडतोय हे मला कळायला किती वेळ लागला कोण जाणे. नाना आतून आले. "बाजूला हो," म्हणाले. तिला खाली घेतलं, कुशीवर वळवलं, गळ्याचं बटण सोडलं आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसले. मी चमचा आणायला धावले तर म्हणाले, "तोंडात काही घालायचं नाही. दात तुटतील." दीड मिनिटानं ती थांबली. मी तिथंच फरशीवर बसून राहिले.

मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि औषध सुरू केलं. शाळेत औषध घेण्याची कटकट नको म्हणून दिवसातून एकदाच घ्यायची मोठी गोळी दिली. हळूहळू सुटणारी आहे, अख्खी गिळायची, असं त्यांनी सांगितलं. मी तेव्हा रडत होते. कागदावर मी लिहून घेतलं: सकाळी साडेआठ, नाश्त्यानंतर, एक. घरी येऊन नानांना तेवढंच सांगितलं. "अख्खी" हा शब्द दवाखान्याचा जिना उतरताना माझ्याकडून कुठंतरी गळाला.

गोळी द्यायचं काम नानांकडे आलं, कारण मी सव्वाआठला घर सोडते. मी चष्म्याच्या काचा घासण्याच्या कारखान्यात काम करते. पाण्याखाली फिरणाऱ्या चाकावर काच धरायची आणि फ्रेमच्या मापात बसेल अशी तिची कड घासायची. केसभर जास्त गेली की काच वाया. या कामात मन दुसरीकडे असून चालत नाही. औषध सुरू झाल्यानंतरच्या तीन महिन्यांत मी किती काचा वाया घालवल्या ते मुकादमाला विचारा, तो पाढा वाचून दाखवेल.

आता पुढचं मला नंतर कळलं, पण इथंच सांगते. पहिल्या दिवशी ती गोळी खारूच्या घशाशी अडकली आणि ती ओकली. नानांनी दुसरी गोळी काढली, कपाटातून खल काढला, चार फेऱ्या मारल्या आणि पीठ चमचाभर मधात कालवलं. खारूनं चाटून टाकलं. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्या दिवशीही. खल धुऊन, पुसून जागच्या जागी. यात सांगण्यासारखं काही आहे हे नानांच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. एकेचाळीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. त्यांच्या उमेदीच्या काळात गोळी म्हणजे गोळी होती, तिच्या पोटात एवढी कारागिरी भरलेली नसायची. आणि पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायला त्यांना मोतीबिंदू आडवा येत होता. अर्थात ते कबूल करायला हट्टीपणा आडवा येत होता.

झालं काय, की चोवीस तासांत थोडं थोडं सुटायचं औषध एकदम सुटायला लागलं. सगळं एकदम आतड्यात, एकदम रक्तात. दुपारपर्यंत खारू पेंगलेली, हात थरथरतायत. शाळेच्या बाईंनी वहीत लिहून पाठवलं की मुलगी बाकावर डोकं ठेवून झोपते, रात्री लवकर झोपवा. रात्री औषध उतरायला लागायचं, आणि सकाळी रक्तात इतकं कमी उरायचं की फिट यायची ती नेमकी साडेसहा ते साडेसातच्या मधे. दर तीन-चार दिवसांनी एक. एकाच पोरीला सकाळी औषध पुरत नव्हतं आणि दुपारी झेपत नव्हतं. आणि आम्ही काय करत होतो? तिला लवकर झोपवत होतो.

त्या दिवसांत मला सकाळची भीती वाटायची. अलार्म साडेपाचचा, पण जाग त्याच्या आधीच. मी खारूच्या पाठीवर हात ठेवून पडून राहायचे. श्वास वर, श्वास खाली. तिनं झोपेत पाय हलवला तरी मी उठून तिचे डोळे बघायचे. साडेसात वाजले की मी देवाचे आभार मानायचे आणि सव्वाआठला बाहेर पडताना परत घाबरायचे. नाना म्हणायचे, "तू जा, मी आहे ना." मी त्या वाक्यावर जगत होते.

डॉक्टरीणबाईंनी एक फवाराही लिहून दिला होता. फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर नाकात मारायचा, एका नाकपुडीत अर्धा, दुसरीत अर्धा. नानांना तो पटला नाही.

"नाकात अत्तर मारल्यासारखं," ते म्हणाले. "त्यानं काय होणार?"

"नाकाच्या आतली कातडी पातळ असते म्हणे. तिथून सरळ रक्तात जातं," मी म्हटलं. "पोटात जायला नको, यकृताला वाटा द्यायला नको."

"मला शिकवतेस?" नाना म्हणाले, आणि मग त्यांनी मला त्यांची ठेवणीतली गोष्ट सांगितली. दवाखान्यात एकदा एक बाई झटके येणारं मूल घेऊन आली. डॉक्टर बाहेर व्हिजिटला. शीर सापडेना, म्हणून नानांनी इंजेक्शन कमरेत दिलं. मूल थांबेना. नाना घड्याळ बघत राहिले. चार मिनिटं, सहा, नऊ. औषध शरीरात होतं, पण मांसातच बसून राहिलं होतं. अकराव्या मिनिटाला डॉक्टर आले, तेच औषध सिरिंजमधे घेतलं, सुई काढून टाकली आणि मागच्या वाटेनं आत सोडलं. तीन मिनिटांत मूल शांत. "तेच औषध!" नाना म्हणाले. "फक्त वाट दुसरी. तोंडाची वाट लांबची, मांसाची बेभरवशाची, मागची जवळची, शिरेची सरळ. औषध दिलं म्हणजे झालं असं नसतं. पोचलं का ते बघायचं असतं."

हे मला माझे वडील सांगत होते, आणि त्याच सकाळी त्यांनी दुसऱ्या दिवसाच्या गोळीसाठी खल पुसून ठेवला होता. मला आता त्या संध्याकाळचा इतका राग येतो की कोणावर काढावा ते कळत नाही.

तीन महिने झाल्यावर आम्ही परत डॉक्टरीणबाईंकडे गेलो. खारूला बाहेर नर्सनं वजनाला नेलं. आत मी आणि नाना. बाईंनी माझी वही चाळली. मी फिट्सच्या तारखा आणि वेळा लिहून ठेवल्या होत्या.

"सगळ्या सकाळीच?" त्या म्हणाल्या. "गोळी अख्खी गिळते ना?"

नाना म्हणाले, "म्हणजे?"

"चावत नाही ना? तोडून, कुटून देत नाही ना? ही गोळी कुटली की संपलं. सगळं औषध एकदम सुटतं आणि सकाळपर्यंत काही उरत नाही."

मी नानांकडे बघितलं, कारण गोळी ते देत होते. त्यांच्या चेहऱ्यावर मला काहीही दिसलं नाही. मी त्यांची मुलगी, चाळीस वर्षं तो चेहरा बघतेय, आणि त्यांनी मला ताकास तूर लागू दिली नाही.

"नाही नाही," नाना म्हणाले. "अख्खीच घेते."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. मग हे औषध हिला लागू पडत नाही असं दिसतंय, म्हणाल्या. गोळी एक पायरी वरच्या ताकदीची देऊ, आठवडाभर बघू, नाहीतर दुसरं औषध जोडू. त्या दुसऱ्यानं काही मुलांची बुद्धी जरा मंद चालते, शब्द आठवत नाहीत, म्हणून त्यांना ते इतक्यात नको होतं. "पण फिट्स अशाच चालू राहिल्या तर इलाज नाही," त्या म्हणाल्या. खारू दारातून उड्या मारत आत आली आणि वजन एक किलो वाढल्याचं तिनं सगळ्यांना सांगितलं.

बसमधे नाना खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, नातीच्या काळजीनं गप्प आहेत.

पुढच्या दोन दिवसांत घरात काय झालं तेही मला नंतर कळलं. नानांनी खल कपाटाच्या वरच्या फळीवर टाकला. सकाळी मी गेल्यावर नवी गोळी खारूच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, गिळ. नवी गोळी आणखी मोठी. ती ओकली. नानांनी परत दिली, ती परत ओकली, मग रडायला लागली, मग शाळेची वेळ झाली. दुसऱ्या दिवशी खारूनं शहाणपणा केला. गोळी गालात धरली, पाणी प्यायली, "आ" करून दाखवलं आणि बाहेर जाऊन कुंडीत थुंकली. नानांनी ते खिडकीतून बघितलं. आणि गप्प बसले.

त्यांनी मला फोन करायला हवा होता. डॉक्टरीणबाईंना करायला हवा होता. "पोरगी गोळी गिळत नाही, काय करू," एवढं एक वाक्य. दवाखान्यात रोज दहा आया त्यांना खिडकीतून हेच विचारायच्या. पण ते विचारायचं म्हणजे आधी तीन महिन्यांचं सांगावं लागणार होतं. कुटायची भीती, न कुटायची भीती, आणि सगळ्यांत मोठी माझी. हे त्यांनीच मला पुढे सांगितलं. संध्याकाळी मी दोन्ही दिवस विचारलं, "घेतली?" दोन्ही दिवस ते म्हणाले, "घेतली."

तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजायला दहा मिनिटं असताना खारूला फिट आली.

ती ताठ झाली तेव्हाच ही नेहमीची नव्हे हे मला जाणवलं. सगळं अंग एकदम. ओठ निळसर. मी ओरडले, "नाना!" ते आले, तिला कुशीवर घेतलं, घड्याळ बघायला लागले. दोन मिनिटं. मी फवारा हातात घेऊन उभी. "देऊ?" "थांब." तीन. "नाना, देऊ का?" "थांब म्हटलं ना." चार मिनिटं म्हणजे किती हे ज्यांना माहीत नाही त्यांनी ते कधी माहीत करून घेऊ नये. तिच्या दातांचा आवाज येत होता. मला वाटत होतं की माझ्यासमोर ती संपतेय आणि मी हातात एक प्लॅस्टिकची बाटली घेऊन परवानगी मागतेय.

"आता," नाना म्हणाले. मी बाटली नाकाशी नेली तर त्यांनी माझा हात धरला. "आधी नाक पूस. सर्दी आहे तिला. शेंबडावर मारलंस तर सगळं बाहेर येईल." त्यांनीच सदऱ्याच्या बाहीनं तिचं नाक कोरडं केलं. मी एका बाजूला मारला, दुसऱ्या बाजूला मारला. मग परत घड्याळ.

दोन मिनिटांनी झटके हळू झाले, थांबले. मी तिच्या तोंडाशी कान नेला, श्वास चालू होता. मी रडायला सुरुवात केली आणि तेवढ्यात तिचा डावा हात परत उडायला लागला.

वरच्या मजल्यावरच्या टॅक्सीवाल्याला उठवलं. तो बनियनवरच गाडी काढायला धावला. मागच्या सीटवर खारू माझ्या मांडीवर, नाना पुढे, आणि पुढून ते सारखे विचारत होते, "श्वास घेतेय का? रंग कसा आहे?" ते मागे वळून बघत नव्हते. नुसते विचारत होते.

इस्पितळात तिच्याभोवती चार माणसं जमली. नर्सनं शीर शोधली, सुई गेली, औषध गेलं. सरळ वाट. अर्ध्या मिनिटात हात थांबला. इतक्या पटकन थांबला की मी आणखी घाबरले, कारण आता ती हलतच नव्हती. नाकावर प्राणवायू, बोटाला चिमटा, पडद्यावर आकडे. नर्स म्हणाली, औषधानं झोपलीय, श्वासावर लक्ष ठेवावं लागेल. मी त्या आकड्यांवरून नजर हलवली नाही. नाना भिंतीला टेकून उभे होते. कोणी खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

नऊच्या सुमाराला डॉक्टरीणबाई आल्या. रक्ताचा रिपोर्ट त्यांच्या हातात होता.

"हिच्या रक्तात औषध जवळजवळ नाहीच," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघितलं. "दोन दिवस तरी गोळी चुकलेली दिसतेय. मी तुम्हाला सांगितलं होतं की एक दिवसही चालणार नाही."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "मी रोज विचारते!" मी म्हटलं. "रोज! एक दिवस चुकलेला नाही. तुमचं औषधच लागू पडत नाही आणि वर तुम्ही मलाच—"

"हे बघा, मला भांडायचं नाहीय. आता दुसरं औषध सुरू करण्याशिवाय मला पर्याय दिसत नाही. आजच शिरेतून पहिला डोस देऊ."

नर्स ट्रे घेऊन निघाली. त्यावर सिरिंज आणि एक छोटी बाटली. खारू झोपली होती, ओठांच्या कडेला फेस सुकला होता.

"थांबा," नाना म्हणाले.

आवाज इतका लहान होता की नर्स चालतच राहिली. मग ते मोठ्यानं म्हणाले, "बाई, थांबा. दोन दिवस गोळी पोटात गेलेली नाही. ती ओकली, थुंकली. मी बघितलं. आणि त्याच्या आधीचे तीन महिने मी कुटून दिली. खलात. मधातून." ते माझ्याकडे बघत नव्हते. डॉक्टरीणबाईंकडे बघून, हिशेबानं, खिडकीतून पथ्य सांगावं तसं सांगत होते. "त्या दिवशी तुम्ही विचारलंत तेव्हा मला कळलं. मी खोटं बोललो. मी कंपाउंडर होतो. एकेचाळीस वर्षं."

मी काय म्हणाले ते मला लपवायचं नाही. मी म्हणाले, "तुम्ही मारली असती तिला."

"हो," नाना म्हणाले.

बाकी काहीच नाही. ना सबब, ना मोतीबिंदू, ना पाकिटावरची अक्षरं. मला वाटलं होतं, ते काहीतरी म्हणतील आणि मग मला भांडता येईल.

डॉक्टरीणबाईंनी ट्रे परत पाठवला. खारूच्या खाटेच्या कडेला टेकल्या, चष्मा काढून डोळे चोळले. मला वाटलं, आता नानांची खरडपट्टी निघणार. त्या म्हणाल्या, "म्हणजे औषध निकामी नाही. ते पोचतच नव्हतं." मग नानांना म्हणाल्या, "ती गोळी गिळत नाही हे सांगितलं असतंत तर मी पहिल्याच दिवशी पातळ औषध दिलं असतं. दिवसातून तीनदा द्यावं लागतं, एवढाच त्रास." नाना मान खाली घालून ऐकत होते. "पण आज बोललात ते बरं झालं," त्या म्हणाल्या. "हे दुसरं औषध आता नको."

खारू दुपारी जागी झाली. भूक लागली म्हणाली. बोलणं नीट, शब्द सगळे जागेवर. मी तिला कुशीत घेतलं आणि तिच्या डोक्यावरून नानांना म्हटलं, "परत तिच्या औषधाला हात लावायचा नाही." ते बरं म्हणाले आणि बाहेर बाकावर जाऊन बसले.

पातळ औषध सुरू झालं. सकाळी सातला, दुपारी तीनला आणि रात्री. बिनसुईच्या सिरिंजमधे पाच मिली ओढायचं आणि गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडायचं. पहिला आठवडा फिट नाही. दुसरा आठवडा नाही. शाळेच्या बाईंनी वहीत लिहिलं की मुलगी हल्ली वर्गात फार बडबड करते. ती वही मी तीनदा वाचली.

भीती मात्र गेली नाही. साडेसहा वाजता माझा हात अजून तिच्या पाठीवर असायचा. आणि घरात नाना म्हणजे असून नसल्यासारखे. औषधाची बाटली ज्या फळीवर होती तिच्याजवळूनही ते जात नसत. गल्लीतली एक म्हातारी चिठ्ठी घेऊन आली तर म्हणाले, "दुकानात विचारा. मला कळत नाही." म्हातारीला तो विनोद वाटला. मला हसू आलं नाही, आणि दयाही आली नाही, खरं सांगायचं तर. माझा राग माझ्यापेक्षा हट्टी आहे.

पण दुपारच्या तीनच्या डोसचं काय करायचं? नवरा रजा काढून आला, दहा दिवस राहिला आणि परत गाडीवर गेला. मी तीनला कारखान्यातून पळत यायचे, औषध द्यायचे, पळत जायचे. विसाव्या दिवशी मुकादम म्हणाला की बाई, तुम्ही एकतर काच घासा नाहीतर शर्यतीत नाव द्या. दुसरं कोणी नव्हतं. टॅक्सीवाला दिवसभर रस्त्यावर असतो. मी रात्रभर विचार केला आणि सकाळी बाटली नानांच्या समोर ठेवली.

"उद्यापासून दुपारचं तुम्ही द्या," मी म्हटलं. "पाच मिली."

नानांनी बाटलीला हात लावला नाही. "मला नको सांगूस," ते म्हणाले. "माझा हात आता भरवशाचा नाही."

"मला दुसरं कोणी नाही नाना."

त्यांनी बाटली उचलून उजेडात धरली. मग बरं म्हणाले. मी त्यांना सिरिंजवरची रेघ दाखवली. त्यांना रेघ दाखवायची! त्यांनी निमूटपणे बघितली.

दुसऱ्या दिवशी मी कामावर होते, पण चाकावर काच धरवेना. अडीचला पोटात दुखतंय म्हणून निघाले. सगळा रस्ता मी धावत आले आणि जिन्यात मात्र पाय आपटू दिले नाहीत. दार नुसतं लोटलेलं होतं. फटीतून मला स्वयंपाकघराचं टेबल दिसत होतं. खारू खुर्चीवर गुडघे टेकून बसली होती. नाना तिच्यासमोर, खिडकीच्या उजेडात. भरलेली सिरिंज त्यांनी तिच्या डोळ्यांसमोर दोन्ही हातांनी धरली होती, तरी ती हलत होती.

"किती आहे, बघ," ते म्हणाले.

"पाच."

"रेघेवर आहे की रेघेच्या वर?"

"रेघेवरच आहे हो नाना. द्या की आता."

"आईनं किती सांगितलंय?"

"पाच."

सात वर्षांच्या पोरीला माझे वडील विचारत होते. माझा राग कुठं गेला ते मला कळलं नाही. मी दार ढकललं नाही, तशीच उभी राहिले, आणि नाना खाली वाकून तिच्या चेहऱ्याजवळ येऊन म्हणाले, "परत एकदा बघ, बाळा. मला नीट दिसत नाही."

तिनं परत बघितलं.